पोस्टग्रेसचा मालक कोण? आणि त्यात आपला हात किती?

निर्झर

नमस्कार मंडळी,

आमच्या कार्यालयात सध्या एका विकतच्या डेटाबेसवरून पोस्टग्रेसवर जायचं घाटतंय. तांत्रिक बाजू जवळपास सगळ्यांना पटली आहे. घोडं अडलंय ते खरेदी विभागाच्या साहेबांनी भर बैठकीत विचारलेल्या प्रश्नावर: "याचा मालक कोण? उद्या काही बिघडलं तर कॉलर कुणाची धरायची?"

माझं मत असं की या डेटाबेसला मालक नाही, म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला. पण हे साहेबांना पटवायचं तर "मग निर्णय कोण घेतं" याचं धड उत्तर हवं. कोड कोण लिहितं, तो घ्यायचा की नाही हे कोण ठरवतं, चुकलं तर मागे कोण घेतं?

दुसरा प्रश्न माझा स्वतःचा. आपल्यापैकी अनेकांचं पोट याच डेटाबेसवर चालतं. मग त्यात मराठी माणसांचा हात किती लागलाय, आणि नवख्याला शिरायचं झालं तर दार कुठलं? इथे जाणकार बरेच आहेत. कृपया सविस्तर लिहा.

मेधा_पु

वाचतेय. साहेबांचा प्रश्न आमच्याकडेही शब्दशः असाच आला होता.

डीबीए_दादा

चांगला धागा. आधी थोडा इतिहास, कारण साहेबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

हा प्रकल्प १९८६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली सुरू झाला. त्याआधी त्यांचा इंग्रेस हा डेटाबेस होता, त्याच्या पुढचा म्हणून पोस्टग्रेस. १९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल ही डेटाबेसशी बोलायची भाषा शिकवली आणि पोस्टग्रेस९५ नावाने तो खुला केला. विद्यार्थी आपापल्या वाटेने गेले, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते. १९९६ मध्ये टोरांटोच्या मार्क फोर्निए यांनी आपल्या सर्व्हरवर कोडला जागा दिली. फिलाडेल्फियाचे ब्रूस मोमजियन, पॅसाडेनाचे थॉमस लॉकहार्ट आणि सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कचे वादिम मिखेव त्यात उतरले. चार शहरं, एकही कंपनी नाही, कुणाला पगार नाही. त्याच वर्षी पोस्टग्रेसक्यूएल हे नाव ठरलं.

वादिम यांचं नाव आज फारसं कुणाला माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वाचणाऱ्याने लिहिणाऱ्याला अडवू नये आणि लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याला, ही जी सोय आपण रोज गृहीत धरतो (एमव्हीसीसी), ती ६.५ आवृत्तीत १९९९ साली आली. वीज गेली तरी पक्का (कमिट) झालेला व्यवहार हरवू नये म्हणून आधी लॉग लिहायचा, ही पद्धत ७.१ मध्ये २००१ साली. दोन्हींच्या मुळाशी त्यांचं काम आहे.

आता मालकी. परवाना इतका मोकळा आहे की कोड घ्या, बदला, विका, कुणी अडवणार नाही. आणि कोड देताना तुम्हाला कुठल्याही करारावर सही करून हक्क सोडावे लागत नाहीत. म्हणजे सगळे हक्क एका मुठीत गोळाच झालेले नाहीत. जे गोळा झालेलं नाही ते विकणार कोण?

रानफूल

दादा, मग नावाचं काय? नाव तर कुणाच्या तरी नावावर असेल ना?

डीबीए_दादा

@रानफूल, योग्य प्रश्न. नाव आणि बोधचिन्ह यांचे हक्क कॅनडात नोंदलेल्या, नफा न कमावणाऱ्या एका संस्थेकडे आहेत. ती प्रकल्पासाठीच ते सांभाळते. कोडवर तिची सत्ता नाही. बोधचिन्हातला हत्ती तुम्ही ओळखताच!

खडकवासला

"निर्णय कोण घेतं" यावर लिहितो. मी पुण्यात याच क्षेत्रात आहे आणि पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) पाठवणं, दुसऱ्यांचे तपासणं दोन्ही करतो.

सगळं काम ईमेलवर चालतं. गिटहबवर जी प्रत दिसते तो नुसता आरसा आहे, तिथे बदल पाठवला तर तो कुणी घेत नाही. तुम्ही बदल करायचा, त्याचा पॅच बनवायचा आणि हॅकर्स नावाच्या मेलिंग लिस्टवर पाठवायचा. मग त्याची नोंद कमिटफेस्टमध्ये करायची. कमिटफेस्ट म्हणजे ठरलेला एक महिना, ज्यात नवं लिहिणं बाजूला ठेवून आलेले पॅच तपासायचे. वर्षात असे पाच महिने असतात: जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च. एप्रिलच्या सुरुवातीला दार बंद होतं, मे महिन्यात बीटा येते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात नवी आवृत्ती.

प्रत्येक पॅचच्या नावापुढे त्याची अवस्था लिहिलेली असते: तपासणीची वाट पाहतोय, लेखकाकडे परत गेलाय, कमिटरसाठी तयार आहे, पुढच्या वेळेवर ढकललाय, नाकारलाय. शेकडो पॅच असतात आणि कुठला कुठे अडकलाय हे जगातला कुणीही उघडून बघू शकतो.

यातला मला सगळ्यात आवडणारा नियम असा: एक पॅच पाठवलात की साधारण तेवढ्याच कठीण अशा दुसऱ्याच्या एका पॅचची तपासणी तुमच्या अंगावर येते. लिहिणारे भरपूर मिळतात. अडतं ते तपासणाऱ्यांपाशी. हा प्रकल्प उभा आहे तो दुसऱ्याने लिहिलेलं मन लावून वाचणाऱ्यांच्या जोरावर, असं माझं ठाम मत आहे.

शेवटी कोड आत घालण्याचा अधिकार कमिटरांना. जगभरात तीसच्या आसपास माणसं. ती वर्षानुवर्षांच्या कामावर निवडली जातात. त्यांनाही मनमानी करता येत नाही. कोडात घातलेल्या बहुतेक बदलांच्या, म्हणजे कमिटच्या, संदेशात लेखक कोण, तपासलं कुणी आणि चर्चा कुठे झाली त्याचा दुवा लिहिलेला असतो. वीस वर्षांपूर्वी अमुक एक ओळ अशी का लिहिली, हे आजही शोधून वाचता येतं. निर्झर, तुमच्या साहेबांना हे नक्की दाखवा. विकतच्या डेटाबेसमध्ये ही सोय पैसे मोजूनही मिळत नाही.

आडवातिडवा

सगळं छान आहे, पण चित्र जरा जास्तच गोड रंगवलं जातंय असं वाटतं.

कुणाला पगार नाही हे १९९६ चं झालं. आज बहुतेक कमिटर कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या पगारावर आहेत. एंटरप्राइझडीबी, मायक्रोसॉफ्ट, अॅमेझॉन, फुजित्सु, नावं घ्या. ज्या कंपनीला जे हवं त्यावर तिची माणसं काम करणार. मालक एक नाही हे मान्य, पण चार-पाच मोठे आहेत असं का म्हणू नये?

दुसरं, बग नोंदवायला अजून ट्रॅकर नाही. फॉर्म भरला की बगला क्रमांक मिळतो आणि तो ईमेल होऊन लिस्टवर जातो, बस. पुढे त्याचं काय झालं हे धागे चाळून शोधा. इतक्या मोठ्या प्रकल्पाला हे शोभत नाही. हे मी या डेटाबेसवर प्रेम आहे म्हणूनच बोलतोय.

सिडनीकर

@आडवातिडवा, ट्रॅकरबद्दल शंभर टक्के सहमत. वाद तिथे बरेचदा झाला आहे. "आमची पद्धत चालते" हे जुन्या मंडळींचं म्हणणं, आणि नवख्याला ती सापडत नाही हेही तितकंच खरं.

कंपन्यांबद्दल मात्र एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये एंटरप्राइझडीबीने सेकंडक्वाड्रंट ही दुसरी मोठी पोस्टग्रेस कंपनी विकत घेतली. त्यामुळे एका रात्रीत कोअर टीममधली (प्रकल्पाचा कारभार पाहणारी छोटी समिती) निम्म्याहून जास्त माणसं एकाच कंपनीची झाली. टीमचा आधीपासून संकेत होता की एका कंपनीची माणसं निम्म्याहून जास्त असू नयेत. मग त्याच वर्षी नोव्हेंबरात आंद्रेस फ्रॉइंड आणि जोनाथन कॅट्झ या दोघांना घेऊन तोल सावरला. कुणी कोर्टात गेलं नाही, कुणी वेगळी चूल मांडली नाही.

शेजारी मायएसक्यूएलचं काय झालं ते बघा. २००८ मध्ये सनने ती कंपनी सुमारे १ अब्ज डॉलरला घेतली, २०१० मध्ये सन ऑरेकलच्या पोटात गेली. मूळ लेखक मॉन्टी विडेनियस यांना मारियाडीबी हा वेगळा फाटा काढावा लागला. पोस्टग्रेसच्या बाबतीत मोठ्यात मोठी कंपनी विकत घेतली तरी हाती लागतात ती माणसं. ती उद्या नोकरी बदलतात आणि कमिटचा अधिकार त्यांच्यासोबत जातो, कारण तो माणसाला दिलेला असतो.

आडवातिडवा

कमिटचा अधिकार माणसासोबत जातो, हा मुद्दा पटला. ट्रॅकरवर मी ठाम आहे.

कोकणचा_भाऊ

मला यातलं तांत्रिक फार कळत नाही, मुलगी याच क्षेत्रात आहे म्हणून वाचतोय. पण हे सगळं आमच्या गावकीसारखं वाटलं. बैठकीत हात वर करून मतदान नसतं. बोलत राहायचं, एकमत होईपर्यंत उठायचं नाही. आणि ठरलं की मग ज्याचा विरोध होता तोही पालखीला खांदा देतो.

खडकवासला

भाऊ, बरंच जुळतंय. फरक एवढाच की गावकीत मान घराण्याने येतो, इथे केलेल्या कामाने. मतदान खरंच नसतं. कधी कुणी सहज "+१" लिहितं, पण दहा "+१" पेक्षा "अमुक परिस्थितीत हे चुकीचं उत्तर देईल, ही घ्या उदाहरणादाखल क्वेरी" असा एक ईमेल भारी पडतो.

ठरलेलं मागे घेण्याचीही एक गोष्ट आहे. मर्ज ही आज्ञा (जुळली ओळ तर बदल, नाहीतर नवी घाल) एसक्यूएलच्या प्रमाण नियमांत आहे आणि लोक ती कित्येक वर्षं मागत होते. एप्रिल २०१८ मध्ये सायमन रिग्ज यांनी ती कमिट केली, ११ व्या आवृत्तीसाठी. रिग्ज म्हणजे साधं नाव नव्हे, चालू राखीव सर्व्हरवर वाचन करता येणं, ज्याला आपण हॉट स्टँडबाय म्हणतो, ते त्यांच्या कामातून उभं राहिलं. तरीही इतरांनी आक्षेप घेतले, की आतली रचना योग्य नाही, पुढे निस्तरायला जड जाईल. खडाजंगी झाली आणि काही दिवसांतच मर्ज काढून टाकली गेली. ती आली थेट १५ व्या आवृत्तीत, ऑक्टोबर २०२२ मध्ये. रचना बरीच नव्याने केलेली. श्रेयात रिग्ज यांचं नाव होतंच, सोबत पवन देवलसी, आल्वारो हेरेरा आणि अमित लांगोटे. रिग्ज २०२४ च्या मार्चमध्ये विमान अपघातात गेले. स्वतःचं काम मागे घ्यावं लागल्यावरही हा माणूस प्रकल्पात टिकून राहिला, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

उर्जिता

चार वर्षं उशीर! ज्यांना मर्ज हवी होती त्यांचं काय? बाकीच्या डेटाबेसमध्ये ती कधीपासून होती. इतकी सोवळ्यातली वृत्ती मला तरी परवडणारी वाटत नाही.

मेधा_पु

@उर्जिता, अर्धवट शिजलेली मर्ज चालवून महिनाअखेरीचे हिशेब चुकले असते तर ते परवडलं असतं का? मी हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, मला उशीर चालेल. शिवाय इन्सर्टलाच जोडून येणारं ऑन कॉन्फ्लिक्ट ९.५ पासून, म्हणजे २०१६ च्या सुरुवातीपासून होतंच. बहुतेकांचं काम त्यावर भागत होतं.

रानफूल

खडकवासला, पवन देवलसी पुण्याचे ना? त्यांच्याबद्दल लिहा की. निर्झरचा दुसरा प्रश्न तोच होता.

खडकवासला

लिहितो. पुण्यात एंटरप्राइझडीबीचं कार्यालय पूर्वीपासून आहे आणि त्यामुळे इथे पोस्टग्रेसचा आतला कोड वाचणारी एक पिढी तयार झाली.

देवलसींचं सगळ्यात मोठं काम एचओटी, म्हणजे हीप ओन्ली टपल्स. ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रत्येक अपडेटमागे ते आहे. पोस्टग्रेस जुनी ओळ जागेवर खोडत नाही, नवी प्रत लिहितो. पूर्वी व्हायचं असं की टेबलावर सहा इंडेक्स (ओळ झटकन सापडावी म्हणून ठेवलेल्या सूच्या) असतील तर एका ओळीतला एक आकडा बदलला तरी सहाही इंडेक्समध्ये नवी नोंद करावी लागे, मग तो आकडा कुठल्याच इंडेक्समध्ये नसला तरी. टेबल आणि इंडेक्स फुगत जायचे. एचओटीने केलं ते असं: इंडेक्समधला कुठलाच रकाना बदललेला नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर नवी प्रत तिथेच ठेवायची आणि जुन्या प्रतीवरून नवीकडे बाण दाखवायचा. इंडेक्सला हातच लावायचा नाही. हे ८.३ मध्ये आलं, फेब्रुवारी २००८. त्या आवृत्तीच्या नोंदीत श्रेय लिहिलंय ते असं, की पवन देवलसी आणि कल्पना इतर अनेकांच्या. सामूहिक काम कसं चालतं ते त्या एका ओळीत दिसतं.

पुढे ९.६ मध्ये एकच क्वेरी अनेक प्रोसेसमध्ये वाटून चालवायची सोय आली, त्यात रॉबर्ट हास यांच्यासोबत अमित कपिला हे मोठं नाव. ते आज कमिटर आहेत. अलीकडच्या आवृत्त्यांच्या नोंदींत शेवटी हातभार लावणाऱ्यांची वर्णानुक्रमे यादी असते, ती एकदा वाचा. भारतीय नावं पानभर सापडतील.

सातारकर

अवांतर: मध्यंतरी एक्सझेडचं प्रकरण गाजलं होतं, ते ज्याने पकडलं तो पोस्टग्रेसवालाच ना?

सिडनीकर

हो, तेच आंद्रेस फ्रॉइंड. मार्च २०२४. ते डेबियन या लिनक्सच्या सिड (अस्थिर) आवृत्तीवर पोस्टग्रेसची बारीक मोजमापं घेत होते आणि एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर शिरायची सोय) लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, प्रोसेसर उगाच तापतोय असं त्यांना दिसलं. दुसरा कुणी म्हणाला असता "असेल काहीतरी". त्यांनी खणत जाऊन एक्सझेड या संकुचन लायब्ररीत मुद्दाम लपवलेलं चोरदार बाहेर काढलं. ते पसरलं असतं तर जगभरचे लिनक्स सर्व्हर उघडे पडले असते.

आडवातिडवा

यात पोस्टग्रेसच्या कामाच्या पद्धतीचं श्रेय किती आणि एका माणसाच्या चिकाटीचं किती? मला वाटतं चिकाटीचंच जास्त.

सिडनीकर

चिकाटी त्यांचीच. पण अर्धा सेकंद ही मोठी गोष्ट आहे असं मानणाऱ्यांच्या संगतीत ती चिकाटी वाढते, असं मी म्हणेन.

उर्जिता

प्राण्यांबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? बिल्डफार्म नावाची त्यांची एक व्यवस्था आहे. स्वयंसेवक आपापली जुनी-नवी यंत्रं जोडून ठेवतात. नवा कोड आला की ती आपणहून तो बांधतात, चाचण्या चालवतात आणि निकाल सार्वजनिक फळ्यावर लावतात. प्रत्येक यंत्राला प्राण्याचं नाव असतं. त्यामुळे मोठमोठे कमिटर गंभीरपणे लिहितात की अमुक प्राणी कालपासून लाल झालाय, काय झालं बघतो. माझ्या भाच्याला हे सांगितल्यापासून तो रोज विचारतो, आज कोण आजारी आहे?

डीबीए_दादा

भाच्याला सांगा, अँड्र्यू डन्स्टन यांनी हे २००४ मध्ये सुरू केलं आणि तेव्हापासून प्राण्यांची रोज तपासणी होते.

आता निर्झरच्या "बिघडलं तर कोण" या मुद्द्यावर एक प्रसंग. हा साहेबांसाठी सगळ्यात उपयोगी पडेल.

२०१८ च्या वसंतात क्रेग रिंगर यांनी एक भयंकर गोष्ट लिस्टवर मांडली. पोस्टग्रेस डेटा लिहितो तो आधी ऑपरेटिंग सिस्टमच्या मेमरीत जातो. ठरावीक वेळाने, म्हणजे चेकपॉइंटला, एफसिंक ही आज्ञा देऊन तो डिस्कवर उतरवून घेतला जातो. एफसिंक फसला तर पोस्टग्रेस चेकपॉइंट रद्द करून पुन्हा प्रयत्न करायचा. दुसऱ्यांदा एफसिंक "यशस्वी" म्हणाला की पोस्टग्रेस निश्चिंत. पण लिनक्समध्ये व्हायचं असं की पहिल्या अपयशानंतर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, ती पानं स्वच्छ आहेत असं मानून मोकळा. दुसरा एफसिंक यशस्वी होई, कारण त्याच्या लेखी लिहायला काही उरलेलंच नसे. डेटा गेलेला आणि कुणाला पत्ता नाही.

दोष कुणाचा, कर्नलचा की डेटाबेसचा, यावर दोन्हीकडच्या लोकांत रण माजलं. पोस्टग्रेसवाल्यांनी ते सगळं उघड्यावर केलं. "इतकी वर्षं आपण चुकीचं गृहीत धरत होतो" हे सार्वजनिक लिस्टवर लिहिलेलं आजही वाचता येतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये ११.२ आणि सोबतच्या जुन्या आवृत्त्यांत दुरुस्ती आली: एफसिंक एकदा फसला की पुन्हा प्रयत्न नाही. सर्व्हरने तिथेच पॅनिक होऊन बंद पडायचं आणि उठताना लॉगवरून डेटा पुन्हा उभा करायचा. ऐकायला उद्धट वाटतं, पण चुकीच्या डेटावर चालत राहण्यापेक्षा थांबलेलं बरं. निर्झर, साहेब म्हणतात त्या कॉलरऐवजी तुमच्या हाती हे येतं: दोषाचा पूर्ण पंचनामा, दुरुस्तीचा कोड आणि पाच वर्षं मिळणाऱ्या मोफत दुरुस्त आवृत्त्या. सपोर्टचा करार हवाच असेल तर तो देणाऱ्या कंपन्या अनेक आहेत आणि एक पटली नाही तर डेटाबेस न बदलता दुसरी धरता येते.

निर्झर

दादा, हे शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं प्रस्तावात घालतोय. चालेल ना?

डीबीए_दादा

अवश्य.

शब्दवेडी

मी ग्रंथालयात काम करते. आमची मराठी ग्रंथसूची पोस्टग्रेसमध्ये आहे आणि दोन गोष्टी सतावतात. एक, लेखकांच्या यादीत क्षीरसागर "क" मध्ये जातात, ज्ञानेश्वर "ज" मध्ये, आणि काळे हे कावळ्यांच्या आधी. दोन, शोधात "पाणी" टाकलं तर "पाण्याचे", "पाण्याने" असलेली शीर्षकं सापडत नाहीत. इतकी जगभरची मंडळी राबतायत, तर मराठीकडे कुणाचं लक्ष नाही का?

खडकवासला

@शब्दवेडी, पहिल्यावर तोडगा आहे. तुमच्याकडे क्रम लागतोय तो युनिकोडच्या क्रमांकांनुसार. तिथे ळ हा व च्या आधी आहे आणि क्ष म्हणजे क च्या पुढे हलन्त आणि ष. दहाव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये आयसीयू ही लायब्ररी वापरता येते आणि तिच्यात मराठीसाठी स्वतंत्र नियम आहेत. क्रम लावताना कोलेट लिहून "एमआर-एक्स-आयसीयू" हे नाव द्या, अर्थात रोमन अक्षरांत. आधी तुमच्या लेखकांच्या यादीवर चालवून बघा.

मेधा_पु

आणि इंडेक्स असेल तर जपून. क्रमाचे नियम बदलले की इंडेक्स खोटं बोलायला लागतो. एका जुन्या नोकरीत सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टम नवी केली, डेटाबेसला कुणी हात लावला नाही, आणि युनिक इंडेक्स असूनही एकाच ग्राहकाच्या दोन-दोन नोंदी व्हायला लागल्या. कारण जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ या आवृत्तीत अक्षरांच्या क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले होते. इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेला, शोध नव्या क्रमाने. डेबियन १० आणि रेड हॅट ८ वर जाताना खूप जणांना हा फटका बसला. ऑपरेटिंग सिस्टम बदलली की मजकुरावरचे सगळे इंडेक्स पुन्हा बांधा. एएमचेक (amcheck) नावाचं एक्स्टेन्शन सोबतच येतं, ते इंडेक्स तपासून देतं.

सातारकर

हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावतोय.

खडकवासला

आता शोधाचं. शब्दवेडी, "लक्ष नाही का" याचं उत्तर दोन्हीकडून आहे.

शब्द तोडणाऱ्या पार्सरची फाइल उघडलीत तर तिथे "विचित्र अक्षरं" अशा अर्थाच्या नावाची एक लांब यादी दिसेल. अक्षर म्हणून ओळखली जात नाहीत, तरी ज्यांच्यापाशी शब्द तोडू नये अशा चिन्हांची ती यादी. तिची सुरुवात देवनागरीने होते: विसर्ग, काना, दोन्ही वेलांट्या, "डॉक्टर"मधला ऑ, ओकार, औकार. ती नसती तर कित्येक यंत्रांवर "काम" या शब्दाचे कान्यापाशी दोन तुकडे पडले असते. फुल टेक्स्ट सर्चचा पाया घातला मॉस्कोच्या ओलेग बार्तुनोव आणि तेओदोर सिगाएव यांनी, आणि तो ८.३ मध्ये मुख्य कोडात आला. मराठीचा काना तिथे सांभाळला गेलाय तो असा.

दुसरी बाजू: शब्दाचं मूळ काढणारे स्टेमर पोस्टग्रेस स्वतः लिहीत नाही. ते स्नोबॉल या वेगळ्या खुल्या प्रकल्पातून येतात. १२ व्या आवृत्तीत तमिळ आणि नेपाळी आले, पुढे हिंदीही आली. मराठी नाही. कारण मराठीचा स्टेमर तिथे कुणी दिलेलाच नाही. कुणी अडवलेलं नाही.

निर्झर

म्हणजे माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं दार हेच की! सी भाषा न येणाऱ्यालाही इथे हातभार लावता येईल?

खडकवासला

नक्कीच. स्नोबॉलची स्वतःची छोटी भाषा आहे, त्यात प्रत्यय काढायचे नियम लिहायचे असतात. खरं कष्टाचं काम भाषेचं आहे. सोबत नमुन्याचे शब्द आणि त्यांची अपेक्षित मुळं अशी लांब यादी द्यावी लागते.

आणि ज्यांना थेट पोस्टग्रेसमध्ये यायचंय त्यांच्यासाठी: आधी सोर्स घेऊन स्वतःच्या यंत्रावर बांधा, मेक चेक ही चाचण्यांची आज्ञा चालवा. मग कमिटफेस्टमधला एखादा छोटा पॅच उचला, लावून बघा, मोडतो का ते तपासा, दस्तऐवजातली भाषा वाचा आणि जे दिसलं ते लिस्टवर लिहा. "लावला, बांधला, चाचण्या गेल्या, पण अमुक उदाहरणात उत्तर चुकलं" इतकंही लिहिलंत तरी लेखकाला मोठी मदत होते. उत्तर देताना समोरच्याचा मुद्दा ठेवून त्याच्या खाली लिहायचं, सगळ्यात वर नाही. ही तिथली रीत कटाक्षाने पाळा.

शब्दवेडी

मी सी शिकणार नाही, पण प्रत्ययांचं काम मला जमेल. नुसते प्रत्यय तोडून भागणार नाही, सामान्यरूपही सांभाळायला हवं. "घरातल्यांनाही" मधून ही, ना, ल्यां, त असं एकेक सोडवत "घर" हाती लागेल. पण "पाण्याने"चं "पाणी", "फुलाला"चं "फूल", "कापसाचा"चं "कापूस" कसं करायचं? इथे ऱ्हस्व-दीर्घ बदलतं, मधला उकारही गळतो.

खडकवासला

शब्दकोशातलं शुद्ध मूळ मिळालंच पाहिजे असं नाही. सगळी रूपं एकाच ठिकाणी आली की पुरे. "पाणी" आणि "पाण्याने" दोन्हींचं "पाण" झालं तरी शोध लागेल. धोका वेगळाच आहे: "पान"चं रूप "पानाने", ते मात्र "पाण"मध्ये मिसळता कामा नये. न आणि ण वेगळे असल्याने इथे आपण सुटतो. "कापूस" आणि "कापसाचा" अवघड आहेत खरे, तिथे उपांत्य उकारासाठी वेगळा नियम लागेल.

रानफूल

आणि "वर"? नवरा मुलगा, आशीर्वाद आणि "टेबलावर"मधला वर. तो सुटा आला तर सोडायचा, शब्दाला चिकटून आला तर काढायचा. पण "सरोवर"मधून "वर" काढला तर उरेल "सरो"!

शब्दवेडी

@रानफूल, हेच हवंय, अशी उदाहरणं पाठवत राहा. मी उद्यापासून आमच्या सूचीतल्या शीर्षकांमधून शब्दांची यादी काढायला घेते. एका रकान्यात शीर्षकातलं रूप, दुसऱ्यात मूळ, तिसऱ्यात "सरोवर"सारखे हात न लावायचे शब्द. कुणाकडे बोलीतली रूपं असतील, विशेषतः कोकण, खानदेश आणि विदर्भातली, तर याच धाग्यावर द्या.

कोकणचा_भाऊ

मालवणी रूपं माझ्याकडून. मुलीलाही हा धागा वाचायला सांगितलाय, स्नोबॉलचे नियम ती बघेल म्हणते.